मेन पाटा तुटला: एकच बदलू की पूर्ण कमान?

प्रश्न: मिस्त्रीकाका, माझी 2009 ची बोलेरो पिकअप आहे. उन्हाळ्यात कांदा लासलगावला आणि हंगामात टोमॅटो पिंपळगावला नेतो. मागच्या डाव्या कमानीचा (लीफ स्प्रिंगचा) मेन पाटा, म्हणजे सगळ्यात लांब मुख्य पाटा, गेल्या आठवड्यात तुटला. गाडी तशी वर्षभरापासून डावीकडे बसलेली होती. एक गॅरेजवाला म्हणतो, तुटलेला तेवढा बदलू. दुसरा म्हणतो, दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा वाढवू, माल जास्त बसेल. भंगारात एक जुना सेटही स्वस्तात मिळतोय. काय करू?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर: भाऊ, आधी एक करा. तुटलेला पाटा भंगारात देऊ नका. रॉकेलने धुवा आणि उन्हात धरून नीट बघा.

सगळे पाटे मधोमध एकत्र धरतो तो सेंटर बोल्ट. त्याच्या भोकातून पाटा आडवा तुटला असेल, तर पहिला संशय कमान अॅक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टवर घ्या. ते घट्ट असतात तेव्हा पाट्याचा मधला भाग वाकतच नाही. ढिले झाले की नेमका तिथेच वाकतो, आणि भोक पडल्याने पाटा सगळ्यात कमजोर तिथेच असतो. ते न बघता नवा पाटा टाकलात तर तोही तिथूनच जाईल. टोकाला बुश बसतो त्या गुंडाळीजवळ तुटला असेल तर शॅकल (कमानीचं टोक चेसिसला जोडणारा हलता दुवा) जाम आहे का, बुश संपलाय का, ते तपासा.

आता तुटलेलं तोंड बघा. बहुतेक वेळा त्याचा एक कोपरा तपकिरी, गंजलेला दिसतो आणि बाकीचा भाग नव्या पत्र्यासारखा चकचकीत. तपकिरी भाग म्हणजे जुनी चीर. पाणी आणि धूळ आत जाऊन ती किती दिवस तशीच वाढत असते. चकचकीत भाग शेवटच्या खड्ड्यात तुटलेला. चाळीस वर्षं मुंबई-आग्रा रस्त्याला कमानी खोलतोय, ड्रायव्हर म्हणतो "काल अचानक तुटला" आणि मी त्याला तो तपकिरी कोपरा दाखवतो. तुमच्या पाट्यावर तो असेल, तर खालचे पाटेही तेवढेच राबलेत हे धरून चाला. तारेच्या ब्रशने घासून त्यांची वरची बाजू बघा. माल भरला की पाटा सरळ होतो आणि ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून बारीक चीर तिथूनच सुरू होते.

एकच पाटा बदलण्याला माझा नकार त्यामुळेच आहे. बाकीचे बसलेले, नवा मात्र ताठ; त्यांचा बाक जुळत नाही आणि सगळा भार नव्यावर येतो. पूर्ण कमान घ्या, तीही दोन्ही बाजूंची. एकच बाजू नवी केली तर गाडी आज डावीकडे बसते ती उद्या उजवीकडे बसलेली दिसेल.

जाड पाट्याचं गणित ऐका. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. 8 मिमीच्या जागी 9 मिमी टाकला तर त्या पाट्याचा ताठरपणा 1.4 पट होतो, 10 मिमीला जवळजवळ दुप्पट. रिकामी गाडी मग खडी रस्त्यावर उड्या मारते आणि अर्धवट भरलेल्या गाडीत टोमॅटोचे क्रेट आदळून माल फुटतो. शिवाय कमान वाढवली म्हणून चेसिस, अॅक्सलचं हौसिंग, बेअरिंग, टायर आणि ब्रेक वाढत नाहीत. पासिंगही, म्हणजे कागदावर मंजूर वजन, तेवढंच राहतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. काही गाड्यांना मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह माल किती भरलाय त्यावर चालतो; कमान उंच केली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. तुमच्या रस्त्याने शाळेची पोरंही सायकलवर जातात.

भंगारातला सेट नको. त्यानं कुठे किती माल वाहिलाय ते वरून दिसत नाही. गॅसने वेल्ड केलेला पाटा तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचं पाणी (दिलेला कडकपणा) उतरतं. राहूड घाटात असाच एक पाटा पुढच्या गुंडाळीजवळ तुटून मी पाहिलाय. अॅक्सल मागे सरकला होता, गाडी तिरकी, आणि ड्रायव्हर स्टेअरिंग सोडायला तयार नव्हता.

दुकानात गाडीचा चेसिस नंबर न्या आणि मापंही न्या: सेंटर बोल्टपासून पुढच्या गुंडाळीपर्यंत आणि मागच्या गुंडाळीपर्यंत वेगवेगळं (दोन्ही सारखी असतीलच असं नाही), रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, पाट्यांची संख्या, बुशचा व्यास. जाडी व्हर्नियरने मोजा, टेपने नको. दोन नव्या कमानी फरशीवर शेजारी ठेवून त्यांचा बाक सारखा आहे का ते तिथेच बघा.

बसवताना यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवेच. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, पुन्हा धरत नाहीत. रबरी बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळा. जॅकवर आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. 500 किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायला या. हे लोक विसरतात, आणि मग पुन्हा तोच भोकातला तुकडा घेऊन येतात.

प्रश्न: पाट्यांना जळकं ऑइल मारावं का?
– एक वाचक, चांदवड

उत्तर: नको. धूळ चिकटून आत दगडासारखी बसते आणि रबरी बुश फुगतात. पावसाळा संपला की पाण्याच्या जोराने धुवा. कमान कधी खोललीच तर पाट्यांच्या मधे ग्राफाइट ग्रीस लावा.