महाराष्ट्रात आरोपी सुटतात ते साक्षीदार फितूर होतात म्हणूनच का? केरळात ८० टक्क्यांच्या वर शिक्षा लागते, मग आपल्याकडे का नाही?

केरळचं आधी उरकतो. हे प्रमाण निकाल लागलेल्या खटल्यांवर काढतात, नोंदलेल्या गुन्ह्यांवर नाही. तिथे बेदरकार गाडी चालवल्याचे गुन्हे ढिगाने नोंदले जातात. आरोपी कबूल होतो, दंड भरतो, झाली शिक्षा. तरी आपलं २०११ चं प्रमाण दहाच्या आत होतं, देशाचं चाळीसच्या आसपास. त्याला सबब नाही. नंतर आपलंही बरंच वाढलं.

आता 'फितूर'. मी सरकारी नोकर. पोलीस ठाण्याचे ठरलेले पंच, म्हणजे झडती-जप्तीला हजर राहून पंचनाम्यावर सही करणारे साक्षीदार, कोर्टात टिकत नाहीत म्हणून गंभीर गुन्ह्यांत आमच्यासारख्यांना पंच घ्यायला लागले, त्यात माझा नंबर लागला. जबरी चोरीची केस. आरोपीने म्हणे तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली (ताब्यातल्या आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढं सांगणं पुरावा ठरतं) निवेदन दिलं आणि गोठ्यातल्या पत्र्यामागून कोयता काढून दिला. कागदावर हे झकास होतं. मी पोचलो तेव्हा कोयता ठाण्यात टेबलावर, वर्तमानपत्रावर ठेवलेला. लेबलवर सही घेतली, लाख लावली, चहा पाजला. गोठा मी आजतागायत पाहिलेला नाही.

काही वर्षांनी समन्स आलं. शपथेवर विचारलं तेव्हा जे पाहिलं ते सांगितलं. सरकारी वकिलांनी तिथल्या तिथे मला फितूर ठरवून उलटतपासणी सुरू केली. आरोपी सुटला. माझा मेहुणा पोलिसात आहे, प्रत्येक लग्नात पाहुण्यांना सांगतो, "दाजींनी दरोडेखोर सोडवला." दरोडा नव्हता तो, जबरी चोरी होती, पण त्याला काय! आणि सोडवला तो पंचनामा लिहिणाऱ्याने.

विकले जाणारे साक्षीदार नसतातच असं नाही. गावात दबाव येतो, ॲट्रॉसिटीच्या केसेसमध्ये तर फार. ठाण्यात माणसं कमी, बंदोबस्त जास्त, हेही खरं.

१ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण, शक्यतो मोबाईलवर, सक्तीचं आहे; फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिचं कलम १०५. तुम्हाला पंच केलं तर जागेवर नेल्याशिवाय सही करू नका आणि मोबाईल सुरू आहे का ते विचारा. मेहुणा म्हणतो, या चित्रीकरणाने तपासाचं वाटोळं होणार. कोणाच्या तपासाचं, ते तो सांगत नाही.