रोबोटिक्सच्या क्लाससाठी हप्ते घ्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या एक शिक्षिका, पती शिरोली एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर. दोघांचे मिळून महिन्याला ६२,००० हातात येतात. घराचा हप्ता १४,०००, बाकी खर्च जाऊन ९,००० उरतात. एफडी ७०,०००ची, मुलीच्या सुकन्या खात्यात महिना १,००० जातात, ते खर्चातच धरलेत. मुलगी सातवीत. एका खासगी संस्थेचा तीन वर्षांचा रोबोटिक्सचा 'शालेय इंजिनिअरिंग' कोर्स रोखीने १,१८,००० ला, किंवा 'बिनव्याजी' ७,५०० चे १८ हप्ते. दोन हजार टोकन भरलंय. पुढे जावं का?

ताई, नको. हप्त्यांवर तर नकोच नको.

साडेसात हजार गुणिले अठरा म्हणजे १,३५,०००. रोखीपेक्षा १७,००० जास्त. हे व्याजच आहे, फक्त त्याला व्याज म्हणायचं नाही एवढंच. दर काढला तर वर्षाला साडेसतरा टक्क्यांच्या आसपास जातो. आणि असं कर्ज बहुधा क्लासचं नसतं, मागे फायनान्स कंपनी असते. पोरगी सहा महिन्यांत कंटाळली तरी हप्ता थांबत नाही, आणि चुकला की सिबिलवर डाग. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची करसवलतही इथे नाही. ती बारावीनंतरच्या शिक्षणाला.

आता मिळतं काय ते पाहू. तुम्ही लिहिलंय, आठवड्याला दीड तास, वर्षाला ३० आठवडे. तीन वर्षांचे १३५ तास झाले, म्हणजे तासाला हजार रुपये. यजमानांच्या अख्ख्या पाळीचा पगार याहून फार जास्त नसावा.

'पुढे ॲडमिशनला उपयोग होतो' हे विक्रेत्याचं वाक्य मात्र सरळ खोडून टाका. महाराष्ट्रात कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, इंजिनिअरिंगला जायचं तर मुख्यतः एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा बघतात. २०० गुणांचा पेपर, त्यात एकट्या गणिताचे १००. रोबोटिक्सच्या प्रमाणपत्राला त्यात जागा नाही.

तरी तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत. गच्चीवरची टाकी भरली की वाजणारा बझर मुलीने मामाच्या मदतीने केला: एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी, पाण्यात सोडलेल्या दोन तारा. महिन्याभरात तारांवर हिरवट थर चढला आणि बझर गप्प झाला. ताई, इंजिनिअरिंग इथूनच सुरू होतं! तांब्याच्या तारांतून एकाच दिशेने वीज जात राहिली की पाण्यात तांबं झिजतं. त्याजागी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावून पाहायला सांगा. मग अर्डुइनोचा साधा बोर्ड (प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट), अंतर मोजणारा सेन्सर, दोन मोटारी, चाकं, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर. सगळं मिळून तीन-साडेतीन हजारांत बसावं. सर्किट आधी टिंकरकॅड या वेबसाइटवर फुकट जोडून बघता येतं. व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) धरायला शिकवणारा माणूस तर घरातच आहे, यजमान. त्यांना रविवारचा एक तास मागून घ्या, पाळी बदलली की तोही जाईल.

शाळेत किंवा जवळच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का, हेही विचारा. सहावी ते बारावीसाठीच्या या प्रयोगशाळांना केंद्राकडून २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. तरी काही ठिकाणी थ्रीडी प्रिंटर कपाटात आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे! तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, किल्ली कशी काढायची ते मी काय सांगणार. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं शाळेतच वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम हाताने करतात. तुमच्या भागातल्या कुठल्या शाळेत तो चालतो का, चौकशी करा.

उरलेल्या ९,००० चं काय? ७०,००० ची एफडी म्हणजे जेमतेम सव्वा महिन्याचा खर्च. एमआयडीसीत ऑर्डरी कमी झाल्या की आधी ओव्हरटाइम जातो, हे यजमान माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. म्हणून ४,५०० आवर्ती ठेवीत टाका, दोन लाख साठेपर्यंत. २,५०० ची एसआयपी (दरमहा ठरावीक गुंतवणूक) हायब्रिड फंडात, म्हणजे शेअर आणि रोखे दोन्हींत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात. वर्षाला १० टक्के धरले तर पाच वर्षांत साधारण १.९ लाख होतात, पण बाजार तेवढे देईलच असं नाही. दहावी झाली की हे पैसे हळूहळू एफडीत वळवा. हजार रुपये मुलीच्या सामानाला. हजार हातात राहू द्या.

सुकन्याचे पैसे २१ वर्षं अडकलेत असं तुम्ही लिहिलंय, तसं नाही. दहावी उत्तीर्ण झाल्यावर उच्चशिक्षणासाठी, आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.

आणखी एक. तुमचं कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत दिसतं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशात शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला नाही. तुम्ही यात बसता का ते तपासा, पण सगळा भरवसा त्यावर ठेवू नका. पाच वर्षांत निर्णय बदलू शकतो. हॉस्टेल, मेस, लॅपटॉप तर तेव्हाही तुमच्याच खिशातून.

टोकनचे दोन हजार ईमेलने लेखी परत मागा. नाही मिळाले तर सोडून द्या, पण त्यासाठी कोर्स घेऊ नका. कर्जाच्या ॲपवर ओटीपी देऊन बसला असाल, तर आजच मुख्य तथ्य विवरण (कर्जाच्या अटी थोडक्यात देणारा कागद, 'केएफएस') उघडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्यात कर्ज रद्द करण्याची मुदत दिलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत केलं तर दंड लागत नाही.