बोटांनी वाजवायची गिटार बनवून घेताना

प्रश्न : मी भुसावळला रेल्वेत आहे. पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) कधीच सोडलं, आता नुसत्या बोटांनी वाजवतो. सध्याची गिटार ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या रुंद पोटाची, नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) 43 मिमी रुंद. कोकणातल्या एका कारागिराकडून नवी बनवून घेतोय. आकार कोणता, वरच्या फळीचं लाकूड स्प्रूस की सिडर, नट किती, कटअवे (वरच्या स्वरांपर्यंत हात पोचावा म्हणून मानेजवळ पोटाला दिलेला काप) हवा का, असं तो विचारतो. काय कळवू?

उत्तर : भाऊ, नटाचा आकडा तुम्ही न विचारता लिहिलात, म्हणजे दुखणं तिथंच आहे. डाव्या हाताचं बोट शेजारच्या तारेला लागून ती मुकी होत असणार. 44.5 सांगा, बोटं जाड असतील तर 46. मात्र सॅडलवरचं, म्हणजे पोटावर तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरचं अंतरही लिहून द्या, पहिल्या तारेपासून सहाव्यापर्यंत 57 मिमीच्या आसपास. माझी गिटार बनवून घेताना मी ते लिहायला विसरलो होतो. नट ऐसपैस मिळाला, पण उजव्या हाताला तारांची तीच दाटी.

आकार ओएम घ्या, म्हणजे ड्रेडनॉटपेक्षा आटोपशीर, कंबर असलेला. मांडीवर नीट बसते आणि ड्रेडनॉटचा खर्ज बारीक तारांवर चढून बसतो, तसं हिच्यात होत नाही. तारा खालच्या सुरात उतरवून वाजवत असाल तर स्केल (नट ते सॅडल तारेची लांबी) 645 मिमी ठेवा, नाहीतर 632 डाव्या हाताला सोपं. कटअवे बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) पुढं जात असाल तरच. पिकअप (आवाज स्पीकरकडं नेणारं यंत्र) नंतरही बसवता येतो.

आता लाकूड. मिरजेचे सतारमेकर जिला तबली म्हणतात, ती वरची फळी माझ्या मते सिडरची हवी. हलक्या बोटालाही ती लगेच बोलते. जोरात झोडपणाऱ्यानं स्प्रूस घ्यावं. सिडर मऊ असतं, नखाचा ओरखडाही उठतो, तेवढं सोसा.

पण सिडर असो की स्प्रूस, गाठ आपल्या मे महिन्याशी आहे. माझी गिटार जळगावात कूलरसमोर स्टँडवर उभी असायची. रात्रभर ओली हवा, दिवसा कूलर बंद आणि घराची भट्टी. पंधरा दिवसांत ब्रिजखालून (तबलीवर तारा अडकवायच्या लाकडी पट्टीखालून) खालच्या टोकापर्यंत केसासारखी चीर गेली. दोष माझाच. तेव्हापासून गिटार तिच्या पेटीत असते. शेजारी भोकं पाडलेली साबणाची डबी, आत ओला पिळलेला स्पंज, आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र. काटा 45 ते 55 टक्क्यांत ठेवायचा. पावसाळ्यात स्पंज काढायचा, नाहीतर तबली फुगून तारा वर उचलल्या जातात.

म्हणून कारागिराला उलट एक प्रश्न टाका : तबलीच्या आतल्या आधाराच्या पट्ट्या चिकटवताना खोलीत आर्द्रता किती असते? कोकणच्या दमट हवेत चिकटवलेलं लाकूड इकडं आलं की आकसतं, पट्ट्या त्याला मोकळं सोडत नाहीत, मग ते तडकतं. तो ‘45 टक्के’ म्हणाला तर निर्धास्त ऑर्डर द्या. ‘असते तेवढी असते’ म्हणाला तर दुसरा कारागीर बघा.

आणि उन्हाळ्यात पार्सलनं मागवू नका. दिवाळीनंतर स्वतः जाऊन आणा, रेल्वेत आहात, पास आहेच.