ऊसतोडीहून परत आलेली मुलं शाळेत टिकत नाहीत, काय करावं?

तुमच्या गावात ऊसतोडीहून परतलेल्या मुलांची नावं पटावर आहेत, पण मुलं आठवडाभर येतात आणि गायब होतात, असं तुम्ही लिहिलंय. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. आमच्याकडे हे दर वर्षीचं आहे.

पहिलं म्हणजे पालकांना शिक्षणाचं महत्त्व सांगत बसू नका. फडात मोळ्या वाहून कंबर मोडलेल्या बाईला ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. प्रभातफेऱ्या, घोषणा हेही राहू द्या, फोटोपुरतं ठीक. त्यापेक्षा ते मूल दिवसभर नेमकं काय काम करतं ते बघा आणि ते काम त्याच्याकडून कसं काढून घेता येईल ते शोधा. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

दहा वर्षांची मुलगी घ्या. आईबाप पहाटे अंधारातच फडात जातात. कोपीवर (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीवर) पाणी आणायचं, भाकरी टाकायच्या, धाकट्याला सांभाळायचं, दुपारी वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करून पेंढ्या बांधायच्या, हे सगळं तिच्याकडे. पण उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, नवराबायकोच्या नावावर, एक जोडी म्हणजे एक कोयता, त्यामुळे मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत ही पोर कुठेच नाही. कागदावर नाही म्हणून तिला बालमजूर कुणी म्हणतही नाही. तेलंगणातल्या रंगारेड्डी जिल्ह्यात बालमजुरांना शाळेत आणणाऱ्या एम. व्ही. फाउंडेशनचं काम उभं करणाऱ्या शांता सिन्हा यांनी (२००३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला) यावर सरळ भूमिका घेतली: जे मूल शाळेत नाही, ते बालमजूरच. ही व्याख्या मनात ठेवून वस्तीवर फिरा, वेगळीच माणसं दिसायला लागतात.

गावी परतल्यावरही तेच धाकटं भावंड तिच्या कडेवर असतं. ते तीन वर्षांचं असेल तर आधी त्याला अंगणवाडीत बसवा, ताई आपोआप शाळेत येते. त्याहून लहान असेल तर मी त्याला वर्गातच येऊ देतो. गोंधळ होतो, एकदा त्याने हजेरीवर पाणी सांडलं, पण पोरगी वर्गात असते. मुलग्यांचं बहुतेक शेरडांवर अडतं. दोन-तीन घरांची शेरडं एकाच म्हाताऱ्याकडे राखायला लावायची खटपट करा. याला कुठली योजना नाही, पारावर बसून चहा प्यावा लागतो.

मुळात खरं काम दिवाळीच्या आधीचं. टोळ्या गाव सोडण्यापूर्वी घरोघर जाऊन कोणतं मूल आजीआजोबांकडे राहू शकेल हे ठरवून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत वेळेत जायला हवा. नाव वसतिगृह असलं तरी मूल नातेवाइकाकडे झोपतं, जेवण शाळेकडून. पैसे उशिरा येतात, हे धरूनच चला. आमच्याकडे किराणा दुकानदाराच्या उधारीवर महिने निघालेत. आणि आजी आजारी पडली तर कोण, हे आधीच ठरवा. ते ठरलेलं नसलं की बाप मधूनच येऊन मुलाला घेऊन जातो.

आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलाकडे शिक्षण हमी कार्ड द्या, ते दाखवून तिथल्या शाळेत बसता येतं. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे दाखला नाही म्हणून किंवा वर्षाच्या मध्यात आला म्हणून कोणतीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तिथल्या मुख्याध्यापकांना फोन करून हे गोडीत सांगावं लागतं.

परत आल्यावर याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्ग आणि विशेष प्रशिक्षण. अकरा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवलंत तर दुसऱ्या दिवशी तो येणार नाही. या मुलांना टनाचा भाव, उचल किती फिटली, हे तोंडी येतं. कागदावरचा भागाकार येत नाही. मी मुकादमाच्या वहीसारखंच पान आखून सुरुवात करतो.

मूल धाब्यावर किंवा वीटभट्टीवर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. बालमजुरी कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ऊसतोडीच्या आईबापांवर मात्र हे शस्त्र चालवू नका; पुढच्या वर्षी ते तुम्हाला दारात उभं करणार नाहीत.

एवढं करून सातवी-आठवीला पुन्हा गळती लागते. गावची शाळा संपते, हायस्कूल लांब, आणि मुलगी तेरा-चौदाची झाली की लग्नाचं बोलणं सुरू होतं, कारण लग्न झालं की एक नवा कोयता, नवी उचल. म्हणून निकाल लागला की दाखला पालकांच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. जूनमध्ये स्वतः हायस्कुलात जाऊन नाव घाला, मुलीचा एसटीचा मोफत पास काढून द्या, आणि पहिला आठवडाभर तिच्याबरोबर गावातली आणखी एखादी मुलगी त्याच गाडीला असेल असं बघा.