गोणपाट, शंभर दाणे आन तुझा धडा

पोरी,

बियाचे किती दाणे उगवतील ते तपासायचा तू गावासाठी लिहिलेला धडा तीनदा वाचला. चूक एकही नाही, पण खरं सांगू का, "उगवणक्षमता म्हणजे..." अशी सुरुवात केलीस ना, तिथंच आमच्या गल्लीतली म्हातारी उठून चालती होते.

आधी माझी फजिती ऐक. सोयाबीनचं घरचं बी तपासायचा धडा मी केला होता. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळीत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट, मग गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आन सहा-सात दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त आले तर एकरी 30 किलो बी. आन 65 च आले तर? मी ठोकून दिलं, पाच टक्के कमी तर पाच टक्के वाढवा, साडेएकतीस किलो! नववीतल्या एका लेकरानं वही पुढं केली, "गुरुजी 30 ला 70 नं गुणा आन 65 नं भागा, 32 किलो 300 ग्रॅम येतंय." सगळी हयात गणित शिकवण्यात गेली माझी, काय बोलणार.

तिथंच बसलेली एक आजी, अक्षर ओळख नाही, ती म्हणली कोंब मोडका असला, कुजका असला तर तो धरायचा नाही, आन पोतं टेम्पोतून आपटून टाकलं असंल तर आधीच समजायचं काही दाणे गेले. सोयाबीनची साल लई पातळ असते, आत धक्का बसतो. हे माझ्या धड्यात कुठंच नव्हतं, आन खरं तर तेच पहिल्या ओळीत पाहिजे होतं.

म्हणून सांगतो, पुढचा धडा पक्का करून आणू नको, अर्धाकच्चाच घेऊन जा. एक लेकरू, एक कर्ता माणूस, एक म्हातारं, तिघांसमोर करून दाखव आन कुठं अडतात ते लिहून घे. वाचता न येणाऱ्यांसाठी तोच धडा आपल्या बोलीत रेकॉर्ड कर, दोन-तीन मिनिटांच्या वर नको. सगळ्यांना शेतीच पाहिजे असंही नाही हं, यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही एवढाच एक धडा पारावर सांगितलास तरी कुणाची तरी पेन्शन वाचंल.

आन लायसन्सचं. तू खाली "सर्व हक्क राखीव" लिहिलंस, ते काढ. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या मोकळ्या परवान्यांमधलं बाय-एसए टाक, विकिबुक्स ह्या वेबसाइटवर 2003 पासून लोकं मिळून पुस्तकं लिहितेत तेही असल्याच मोकळ्या परवान्यावर. म्हणजे कुणीही बदलावं, लातूरवाल्यानं लातूरच्या बोलीत करावं, फक्त तुझं नाव ठेवावं आन त्याचंही तसंच मोकळं सोडावं. नाव जाईल म्हणून भिऊ नको. त्या आजीचं नाव मात्र तिला विचारून टाक, हे मी केलं नव्हतं.

तारीख तर प्रत्येक पानावर पाहिजेच, चित्र करून पाठवलंस तर चित्रावर सुद्धा. कारण मी माझा धडा दुरुस्त केला खरा, पण जुनं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतच राहिलं. ह्या जूनमधी हिंगोलीच्या साडूनं घरच्या ग्रुपवर मलाच पाठवलं, "अत्यंत उपयुक्त माहिती, पुढे पाठवा" म्हणून. उघडून बघतो तर साडेएकतीस किलो.

तुझा,
गुरुजी