गॅल्व्हेस्टनला येताय, सासऱ्यांना लिव्हरचा त्रास आहे: समुद्र आणि कालवांबद्दल

ताई, मिस्टरांची नोकरी टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनजवळ, सोबत सिरॉसिस (लिव्हर कडक होत जाण्याचा आजार) असलेले सासरे, आणि तुम्ही पडलात मालवणच्या. तिथल्या समुद्रातल्या ‘मांस खाणाऱ्या’ जंतूची बातमी वाचून यावं की नाही, कालवं (ऑयस्टर) खावीत की नाही, असं तुम्ही विचारलंय. मी याच किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं हे जंतू तपासते. तुम्ही जरूर या. लिव्हर बिघडलेल्या माणसाला मात्र हा जंतू फार जास्त घातक, म्हणून सासऱ्यांनी काय खायचं आणि पाण्यात उतरायचं की नाही, हे आधीच ठरवून टाका.

बातमीतला जंतू म्हणजे व्हिब्रिओ व्हल्निफिकस, कॉलऱ्याच्या जंतूचा भाऊबंद. तो मैल्यातून येत नाही, खाडीतच राहतो आणि पाणी तापलं की वाढतो. म्हणून मे ते ऑक्टोबर जास्त जपायचं. बीचवर पाण्याबद्दल जे इशारे देतात ते मैल्यातल्या जंतूंवरून असतात. व्हिब्रिओ त्यात मोजलेला नसतो, त्यामुळे इशारा नाही म्हणून सासऱ्यांना पाण्यात सोडू नका.

उन्हाळ्यात कालवाचा गर वाटून प्रयोगशाळेतल्या जंतू वाढवायच्या ताटलीवर पसरला की दुसऱ्या दिवशी जंतूंच्या वस्त्यांचे हिरवे-पिवळे ठिपके उठतात. हिरवे ठिपके डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात. जनुकं तपासली की कळतं, एकाच कालवातले शेजारचे दोन ठिपके वेगवेगळ्या घराण्यांचे आहेत. व्हल्निफिकसचा एक गट रुग्णांच्या रक्तात जास्त सापडतो, दुसरा पाण्यात आणि कालवांत. पण दुसऱ्या गटानेही माणसं आजारी पडली आहेत. पॅराहिमोलिटिकस या दुसऱ्या व्हिब्रिओचं तर समुद्रातल्या बहुतेकांकडे माणसाला बाधणारं विष तयार करण्याचं जनुकच नसतं. तरीही एखादंच घराणं पुरेसं होतं. १९९६ मध्ये कोलकात्यात ओळखला गेलेला पॅराहिमोलिटिकसचा ओ३:के६ हा प्रकार १९९८ मध्ये याच गॅल्व्हेस्टन खाडीतल्या कालवांत निघाला आणि १३ राज्यांतले ४१६ लोक आजारी पडले. कालवाला वास नव्हता, रंग बदललेला नव्हता. आपलं नाक आणि डोळे इथे काही कामाचे नाहीत.

इथे कालवं बर्फावर मांडून, लिंबू पिळून, तिखट सॉस घालून कच्ची खातात. लिंबाने किंवा सॉसने हा जंतू मरत नाही. सासऱ्यांनी एकसुद्धा कच्चं खाऊ नये, अगदी चवीपुरतंही नाही. तुमचं कालवांचं सुकं खुशाल करा: शिंपले उघडेपर्यंत उकळा, उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटं. न उघडलेले फेकून द्या. साफ करताना हातमोजे घाला. कालव फोडताना हात कापला नाही अशी बाई आपल्याकडे विरळाच, आणि तेवढ्या चिरेतूनही तो आत शिरतो. हे काम सासऱ्यांना अजिबात देऊ नका. पायाला साधं खरचटलेलं असलं तरी त्यांनी समुद्रात उतरू नये.

जखम लाल होऊन सुजली, फोड आले, ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सीत न्या. दारातच सांगा: लिव्हरचा आजार आहे, समुद्राचं पाणी लागलंय किंवा कालवं खाल्ली आहेत. व्हल्निफिकसची लागण झालेल्या पाचांपैकी साधारण एक दगावतो, काही जण तर एक-दोन दिवसांत.

सासऱ्यांचा विमा काढताना जुना आजार त्यात धरला आहे का, हे लेखी विचारून घ्या. त्यांच्या डॉक्टरांकडून आजाराची आणि औषधांची इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि ती बॅगेत न टाकता त्यांच्या खिशातल्या पाकिटात ठेवा.