स्विफ्टचे टायर बदलायचे आहेत. नाशिकमध्ये स्वस्त आणि चांगलं ॲव्हरेज देणारे कोणते घ्यावेत?

साइज बदलू नका. तुमच्या गाडीला कंपनीने 165/80 आर14 दिले असतील तर तेच घ्या. रुंद टायर दिसतात छान, पण पेट्रोल जास्त पितात.

ॲव्हरेज हवं असेल तर फिरताना कमी ऊर्जा वाया घालवणारा, म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स कमी असलेला टायर मागा. सिएटचा फ्युएलस्मार्ट याच प्रकारातला. काही टायरवर बीईईचं (सरकारच्या ऊर्जाबचत संस्थेचं) स्टार लेबलही असतं, ते बघा. मात्र नुसत्या ॲव्हरेजच्या मागे लागू नका. स्वस्त टायरमध्ये रोलिंग रेझिस्टन्स कमी करताना ओल्या रस्त्यावरची पकड ढिली पडू शकते, आणि आपल्याला पावसाळ्यात कसारा घाट उतरायचा असतो! तिथे मी दोन-चार रुपयांच्या पेट्रोलपेक्षा ब्रेकचा विचार करेन.

सातपूरला सिएटचा कारखाना आहे म्हणून नाशकात तो स्वस्त पडेल, असं धरून चालू नका. दोन-तीन दुकानांत भाव विचारा. फिटिंग, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरूनच. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: 2325 म्हणजे 2025 च्या 23व्या आठवड्यातला. डिस्काउंटमध्ये बरेचदा जुना माल खपवतात.

दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालत असली तरी. दुकानदार बहुधा उलट सांगेल.

आणि दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना हवा तपासा. हवा कमी असली तर महागडा टायरही ॲव्हरेज देणार नाही. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर लिहिलेलं असतं.